दोन किल्ल्यांचं कपाट

डेल्फा राइनहोल्टच्या दुकानावर पाटी नाही. आमच्या सॉडर क्रीक गावात ती लावायची कधी गरजच पडली नाही. पूर्वी जिथे लोणी काढायचा कारखाना होता त्या विटांच्या इमारतीत ती बसते. आत शिरलं की तेलाचा, अक्रोडाच्या लाकडाच्या भुशाचा आणि उकळून कडू झालेल्या कॉफीचा वास येतो. बंदुकीचा चाप अडकला, दस्ता तडकला, आजोबांच्या वेळची रायफल नेम सोडायला लागली, की आमच्या खोऱ्यातली माणसं तिच्याकडे येतात. एल्क हरणांच्या शिकारीचा मोसम सुरू व्हायच्या आधीचे दोन आठवडे तर तिच्या दारात वाळवणासारख्या बंदुका पडलेल्या असतात.

मी गावच्या नेमबाजी क्लबची चिटणीस. एकोणीस वर्षं सभांची इतिवृत्तं लिहितेय. त्यामुळे इथे सांगते त्यातलं बरंचसं माझ्या वहीत आहे. उरलेलं डेल्फाने सांगितलं, तेही हात कामात गुंतलेले असतानाच. रिकाम्या हातांनी ती बोलत नाही.

एकोणिसाव्या वर्षी ती ऑर्व्हल स्टेनबींकडे काम मागायला गेली होती. ऑर्व्हल त्या वेळी तीन जिल्ह्यांत नावाजलेले बंदूक-कारागीर. मुलींना मी काम शिकवत नाही, असं त्यांनी दारातच सांगितलं. डेल्फाने वाद घातला नाही. कोपऱ्यातल्या भंगाराच्या डब्यातला एक मोडका चाप तिने विचारून घरी नेला आणि चौथ्या दिवशी चालू करून त्यांच्या टेबलावर ठेवला. ऑर्व्हलनी तो वीस वेळा ओढून बघितला आणि विचारलं, "उद्या किती वाजता येशील?" अकरा वर्षं ती त्यांच्या हाताखाली होती. त्यांची नजर अधू झाली तेव्हा त्यांनी आपली हत्यारं तिला देऊन टाकली.

गावाबाहेर डेल्फाचं नाव झालं ते मात्र तिच्या हातांमुळे नाही, जिभेमुळे. वीसेक वर्षांपूर्वी राज्याच्या राजधानीत बंदुकांच्या नोंदणीचा एक प्रस्ताव आला होता. सुनावणीला आमच्या क्लबने तिला पाठवलं. तिच्या वाट्याला दोन मिनिटं आली आणि तिने त्यातलं एकच वापरलं. ती म्हणाली, "आज ते बंदुका मोजतील. उद्या त्यांना कुलूप घालतील. परवा किल्ली त्यांच्या खिशात असेल." प्रस्ताव पडला. तो काही तिच्यामुळेच पडला नसेल, पण ती तीन वाक्यं मात्र उभी राहिली. गाड्यांच्या मागे चिकटली, टोप्यांवर छापली गेली. दर वर्षीच्या सभेत कुणी ना कुणी ती म्हणून दाखवायचं आणि डेल्फा कॉफीच्या किटलीशी काहीतरी काम काढायची.

ऑर्व्हलच्या स्वयंपाकघरातली गोष्ट घडली ती एका एप्रिलमध्ये. बर्फ वितळून सगळीकडे चिखल झाला होता. ऑर्व्हलनी त्र्याऐंशी ओलांडली होती आणि अलीकडे ते माणसं विसरायला लागले होते. मुलगा लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा, आठवडा आठवडा बाहेर. घरी सून मार्व्हा आणि ते, दोघंच. डेल्फा सकाळी दहाच्या सुमारास त्यांची दुरुस्त केलेली शॉटगन परत द्यायला गेली. मागचं दार उघडून आत पाऊल टाकलं तर मार्व्हा फ्रिजला पाठ टेकून उभी, हात कोपरापर्यंत पिठाचे. समोर ऑर्व्हल, खांद्याला रायफल लावलेली.

"ही बाई माझ्या घरात कशी शिरली ते मला कळायला हवं," ते म्हणत होते. आवाज चढलेला नव्हता, आणि त्याचीच जास्त भीती वाटली, असं डेल्फा सांगते.

ती दारातच थांबली. हातातली शॉटगन हळूच भिंतीला टेकवली. मग दुकानात बोलतो त्या सुरात म्हणाली, "ऑर्व्हल, त्या बोल्टचा आवाज ऐकलात का? घासतोय."

म्हाताऱ्याच्या कपाळाला आठी पडली. "कुठे घासतोय?"

"मागे ओढताना. द्या बघू इकडे."

"तू थांब. मी बघतो."

त्यांनी नळी खाली केली, बोल्ट मागे ओढला. आतलं काडतूस उडून टेबलावर पडलं आणि मार्व्हाच्या लाटण्यापर्यंत गडगडत गेलं. ऑर्व्हलनी बोल्टवरून अंगठा फिरवला, कानाजवळ नेऊन दोनदा हलवून बघितला, आणि रायफल डेल्फाच्या हातात देत म्हणाले, "काही घासत नाही. तुझे कान गेलेत." एवढं बोलून ते खुर्चीत बसले आणि सुनेला नावाने हाक मारून विचारलं, नाश्ता कुठवर आलाय.

मार्व्हा जमिनीवरच बसली. ऑर्व्हल जेवून झोपल्यावर दोघी गोठ्यामागे जाऊन बोलल्या. मार्व्हा म्हणाली की शेरीफला, म्हणजे जिल्ह्याच्या पोलीस-प्रमुखाला, सांगितलं तर गोष्ट कागदावर जाईल, कागदावर गेलेल्या बंदुका घरी येत नाहीत, आणि मग नवरा आणि दीर जन्मात तिचं तोंड बघणार नाहीत. नातेवाइकांकडे ठेवाव्यात तर सगळ्यांच्या घरात लहान पोरं. डेल्फाच्या दुकानात ठेवाव्यात तर तिथे एक रात्र राहिलेली प्रत्येक बंदूक सरकारी वहीत चढवायचा कायदा. आणि ऑर्व्हल शुद्धीवर असताना ते कधी मान्य करणार नाहीत, हे दोघींनाही माहीत होतं. डेल्फाने त्या दिवशी फक्त सगळ्या रायफलींचे बोल्ट काढून नेले; त्याशिवाय रायफल उडत नाही. साफ करायला नेते म्हणाली.

पुढे तिने गावात सहज म्हणून चौकशी केली तेव्हा कळलं की एकट्या आमच्या खोऱ्यात अशी पाच घरं होती. कुणाचा बाप विसरभोळा झालेला, कुणाचा जावई नोकरी गेल्यापासून कुणाशी बोलत नसलेला. एका बाईने काडतुसं पिठाच्या डब्यात पुरून ठेवली होती. जो तो आपलं आपण लपवत होता आणि आपल्याच घरात असं आहे असं समजत होता.

क्लबच्या मागच्या खोलीत एक लोखंडी कपाट होतं. गावातली बँक बंद झाली तेव्हा क्लबने ते लिलावात घेतलं होतं. आत घोडा उभा राहील एवढं मोठं. त्यात आम्ही नाताळचे दिवे ठेवायचो. जूनच्या सभेत डेल्फाने ठराव मांडला की ते कपाट रिकामं करू या. ज्याला घरी काही काळ बंदूक नको असेल त्याने ती तिथे आणून ठेवावी आणि वाटेल तेव्हा घेऊन जावी. मार्व्हाचं किंवा ऑर्व्हलचं नाव तिने घेतलं नाही.

विरोधाला उठले रॉलिन वेक. आमच्या शाळेत त्यांनी तेहतीस वर्षं इतिहास शिकवला आणि मुलांना वादविवादाला तयार केलं. अर्धं गाव अजून त्यांना सर म्हणतं; मीही म्हणते. वेक सर कधी आरडाओरडा करत नाहीत. हात मागे बांधून ते पायऱ्या उतरल्यासारखं एकेक वाक्य बोलतात.

त्यांचं म्हणणं असं होतं. आज कपाट ऐच्छिक आहे. पुढच्या वर्षी कुणीतरी म्हणेल, अमक्याने ठेवली, मग तमक्याने का नाही ठेवली? त्याच्या पुढच्या वर्षी विमा कंपनी विचारेल. मग जिल्हा विचारेल, मग कोर्ट. आणि एक दिवस आपणच बांधलेल्या कपाटात आपल्याच बंदुका असतील आणि बाहेर आपण उभे असू. यातली एकही पायरी वेड्यासारखी नाही, म्हणून तर माणूस ती उतरतो.

"मी डेल्फावर संशय घेत नाही," ते म्हणाले. "मी तिच्यानंतर त्या खुर्चीवर जो बसेल त्याच्यावर घेतो. आणि हे माझं म्हणणं नाही. माझ्यापेक्षा चांगलं ते दुसऱ्या कुणीतरी सांगून ठेवलंय." मग त्यांनी तिचीच तीन वाक्यं म्हणून दाखवली. मोजतील, कुलूप घालतील, किल्ली खिशात घालतील.

सगळा हॉल हसला. डेल्फाही हसली, पण तिचे कान लाल झालेले मला दिसले. असा ठराव व्हायला दोन तृतीयांश मतं लागतात. बाजूने सत्तावीस पडली, विरोधात चौतीस.

दुसरी कुणी असती तर रुसून बसली असती, किंवा आतल्या आत काहीतरी करून मोकळी झाली असती. डेल्फाने माझ्याकडून चौतीस जणांची नावं घेतली. हात वर करून मत दिलेलं, त्यामुळे त्यात गुपित काही नव्हतं. आणि त्या उन्हाळ्यात ती एकेकाच्या घरी गेली. पटवायला नाही. तिचे दोनच प्रश्न होते. यानंतर काय होईल असं तुला वाटतं? आणि ते होऊ नये म्हणून आत्ताच काय करून ठेवू?

दुरुस्तीच्या पावत्यांच्या पाठीवर तिने उत्तरं लिहून घेतली. त्या पावत्या मी बघितल्यात. एकाला वाटत होतं, बायको भांडणात त्याच्या बंदुका उचलून नेऊन ठेवेल. एकाला वाटत होतं, परत मागायला गेलं की हजार प्रश्न विचारतील. गुरांच्या डॉक्टरांना भीती होती की क्लब आपला अध्यक्ष बदलेल आणि नवा अध्यक्ष नियम बदलेल. एका म्हाताऱ्याने सांगितलं, सरकार क्लबला निळा रंग देईल. डेल्फाने तेही लिहून घेतलं आणि पुढे नियमात घातलं: रंग बदलायचा तर सर्वांना विचारून.

ऑगस्टच्या शेवटी ती वेक सरांकडे गेली. त्यांचं घर चर्चच्या वर, चांगल्या चढावर. ते ओसरीत हिवाळ्यासाठी सरपणाच्या ढलप्या काढत बसले होते. मी शेजारीच राहते आणि कुंपणापाशी टोमॅटो तोडत होते, म्हणून हे कानांनी ऐकलेलं आहे.

"मला पटवायला आलीस?" सरांनी विचारलं.

"नाही. शिकायला."

"मग ऐक. घसरणीवर एकदा पाय टाकला की मधे थांबता येत नाही."

डेल्फा कठड्याला टेकून खाली गावाकडे बघत राहिली. "रॉलिन, आपलं अख्खं गाव उतारावर आहे. तुझं घर इथे एकेचाळीस वर्षं उभं आहे. किती फूट खाली सरकलं?"

"नाही सरकलं. मी खाली दगडी बांध घातलाय. स्वतःच्या हाताने."

"तेच विचारायला आले. बांध कुठे घालू?"

सरांनी कुऱ्हाड ठेवली. मग म्हणाले, "नावं. बाकी सगळं येतं आणि जातं. पण यादी असली की कुणीतरी ती मागणारच. आज नाही तर दहा वर्षांनी. मागणारा चांगला माणूस असेल, आणि म्हणूनच तुला नाही म्हणता येणार नाही."

"मग यादी ठेवायचीच नाही."

"आणि कुणाची बंदूक कुणाला देशील? चेहरे बघून?"

डेल्फा चढ उतरून दुकानात गेली. पुढचे दोन महिने तिच्या दुकानातून पितळ कापल्याचा आवाज येत होता.

नोव्हेंबरच्या सभेला बसायला खुर्च्या पुरल्या नाहीत. डेल्फाने लाकडी खोक्यातून पितळी बिल्ले काढून टेबलावर मांडले. प्रत्येकावर फक्त आकडा. प्रत्येक बिल्ला तिने बारीक करवतीने मधोमध नागमोडी कापला होता, दर वेळी वेगळा. एक अर्धा बंदुकीला बांधायचा, दुसरा मालकाच्या खिशात. दोन अर्धे एकमेकांत बसले तर बंदूक मिळणार, आणि कुणीही एक प्रश्न विचारायचा नाही. नाव कुठेही लिहायचं नाही. बंदूक मालकाने स्वतःच आणायची. बायकोने, मुलाने, शेजाऱ्याने आणलेली घेतली जाणार नाही. नियम बदलायचा तर दहात नऊ मतं हवीत. तिने बिल्ले सगळीकडे फिरवले. लोक दुसऱ्याच आकड्यांचे अर्धे जुळवून बघत होते आणि जुळत नव्हते.

वेक सर उठले. "एकच प्रश्न. कपाटाला कुलूप असेल?"

"असेल."

"किल्ली कुणाच्या खिशात?"

डेल्फाने एप्रनच्या खिशातून दोन किल्ल्या काढल्या. "कुलपं दोन आहेत. दोन्ही लागल्याशिवाय दार उघडत नाही. ही माझ्याकडे." दुसरी तिने टेबलावरून त्यांच्याकडे सरकवली. "आणि ही तुझ्याकडे."

"मी विरोधात मत देणार आहे."

"म्हणूनच तुझ्याकडे."

सरांनी किल्ली उचलली, उलटसुलट करून बघितली आणि कोटाच्या आतल्या खिशात घातली. मग शब्दाला जागून विरोधात हात वर केला. बाजूने बावन्न, विरोधात नऊ. माझ्या वहीत त्या पानावर कॉफी सांडलेली आहे, कारण आकडे लिहायच्या घाईत माझा कप कलंडला.

पहिले सहा बिल्ले ऑर्व्हलनी नेले. त्यांचा डोकं जाग्यावर असलेला एक दिवस मार्व्हाने बरोबर हेरला. काय घडलं होतं ते तिने त्यांना शांतपणे सांगितलं. ते ऐकून ते रडले, असं ती म्हणते, आणि मग स्वतःच म्हणाले, चल, गाडी काढ. घरातल्या सहाही बंदुका त्यांनी एकेक करून आपल्या हातांनी कपाटात ठेवल्या. बिल्ल्याची कापलेली कड नखाने तपासली आणि शिष्येला म्हणाले, "करवत अजून जराशी डावीकडे ओढतेस." त्या घरात पुन्हा तसा प्रसंग आला नाही. ऑर्व्हल दीड वर्षाने झोपेतच गेले, मार्व्हाने शिवलेल्या गोधडीखाली.

दोन वर्षांत कपाट निम्म्याहून जास्त भरलं. दर वेळी कुणी आलं की डेल्फा दुकान सोडून यायची आणि वेक सर टेकडीवरून उतरून यायचे, बर्फात काठी टेकत, वाटभर कुरकुर करत. पण चुकले कधीच नाहीत. पुढे एका वर्तमानपत्राने कपाटावर छोटीशी बातमी छापली आणि ती थेल्डन ग्रिगच्या वाचनात आली.

ग्रिग आमच्या जिल्हा मंडळाच्या तीन सदस्यांपैकी एक. माणूस सरळ, कामसू, जरा घाईचा. त्याने क्लबला पत्र लिहिलं. कपाट म्हणजे जिल्ह्याला अभिमान वाटावा अशी गोष्ट आहे. मंडळ त्याला पाठबळ देईल, नवी खोली बांधून देईल. बदल्यात दर तीन महिन्यांनी ठेवणाऱ्यांची नावं तेवढी कळवावीत. फक्त सुरक्षेसाठी.

पत्र सभेत वाचलं वेक सरांनी. वाचून झाल्यावर घडी घातली आणि म्हणाले, "आली ती पायरी."

"येऊ दे की," डेल्फा म्हणाली. "बांध कशाला घातलाय?"

तिने तसं म्हटलं खरं, पण तो आठवडा वाईट गेला. गावात बातमी पसरली की जिल्हा नावं मागतोय, आणि अकरा जण बिल्ले घेऊन आले आणि बंदुका परत घेऊन गेले. नियमाप्रमाणे कुणाला काही विचारायचं नव्हतं. डेल्फाने विचारलं नाही. पण त्यातल्या दोघांच्या घरी बंदूक आत्ता नको हे तिला माहीत होतं, आणि त्यांची गाडी वळणाआड जाईपर्यंत ती दारात उभी राहिली. एक कॉर्लिस हॉगन तेवढी आली आणि काही न घेता गेली. कॉर्लिस मेंढ्या पाळते. जानेवारीत तिचा नवरा गेला होता आणि त्यानंतर आठवड्याभरात तिने तीन बंदुका आणून ठेवल्या होत्या. ती डेल्फाला एवढंच म्हणाली, "माझ्या तिथेच राहू देत. फक्त तू नाव देऊ नकोस."

सुनावणी जिल्हा कचेरीत ठेवली होती, मार्चमध्ये, दुपारी दोन वाजता. लोक जिन्यापर्यंत उभे होते. ग्रिगने आपलं म्हणणं नीट मांडलं. उद्या यातल्या कुणाच्या घरी पोलिसांना जावं लागलं तर आत काय परिस्थिती आहे ते आधी कळलेलं बरं, असं तो म्हणाला. ऐकायला वावगं काहीच नव्हतं.

डेल्फा पुढे गेली आणि लाकडी खोकं त्याच्यासमोर ठेवलं. "ही आमची यादी."

आत अर्ध्या बिल्ल्यांचा ढीग होता, बंदुकांवर खडूने आकडे घालून तेवढ्यापुरते सोडून आणलेले. ग्रिगने एक उचलला, दोन्ही बाजूंनी बघितला. "यावर नाव कुठे आहे?"

"ज्याचं आहे त्याच्या खिशात."

"म्हणजे तुम्ही द्यायला तयार नाही."

"नाव असतं तर नाही म्हणण्यात मोठेपणा होता," डेल्फा म्हणाली. "आमच्याकडे नाहीच आहे. लिहिलंच नाही. तुमच्यासारखा भला माणूस एक दिवस मागायला येईल, हे आम्हाला आधीच कुणीतरी सांगितलं होतं."

मग वेक सर उठले. आता ते काय म्हणणार हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि म्हणण्याचा त्यांना हक्कही होता.

"मी म्हणालो होतो की हे इथवर येईल," ते म्हणाले. "आलं. तेवढ्यापुरता मी बरोबर होतो. पण मी असंही म्हणालो होतो की एकदा उतरायला लागलं की मधे थांबता येत नाही. तिथे मी चुकलो. दोन वर्षं एक किल्ली माझ्या खिशात आहे. ते दार उघडलं त्या प्रत्येक वेळी मी तिथे होतो. एकालाही तिने 'का' असं विचारलं नाही. एकालाही परत देताना थांबवलं नाही. उतार आहे, थेल्डन, तो मला अजूनही दिसतो. पण त्यावर उभं राहता येतं, हे मला सत्तरी ओलांडल्यावर कळलं. तू आता ढकलू नकोस."

थेल्डनही त्यांचाच विद्यार्थी. त्याने मान खाली घातली.

शेवटी शेरीफ बोलले. मागे भिंतीला टेकून उभे होते, पुढेही आले नाहीत. ते म्हणाले, "मला ती यादी नको. नावं माझ्याकडे आली की आठवड्यात ते कपाट रिकामं होईल, आणि मग त्या घरांमध्ये मला जावं लागेल. आत्ता तिथे कॉफी पिऊन परत येता येतं."

ग्रिगने जागेवरूनच सांगितलं की तो आपलं पत्र मागे घेतो. एवढ्यावर डेल्फाचं भागलं नाही. ती खुर्चीकडे परत गेलीच नाही. म्हणाली, आज तुम्ही मागे घेतलंत, तुमच्यानंतरचा पुन्हा लिहील. तेव्हा हेच लेखी द्या. आणि त्याच दुपारी, तीन विरुद्ध शून्य मतांनी, मंडळाने ठराव केला की जिल्ह्याचा कोणताही अधिकारी त्या कपाटात ठेवणाऱ्याचं नाव कधी विचारणार नाही. ठरावाचा मसुदा ग्रिगने स्वतः लिहिला, आणि त्याच्या इंग्रजीतल्या दोन चुका वेक सरांनी तिथल्या तिथे दुरुस्त केल्या.

टाळ्या जरा उशिराने सुरू झाल्या, पण एकदा सुरू झाल्या त्या जिन्याखालपर्यंत गेल्या. बाहेर ट्रकवाल्यांनी हॉर्न वाजवले. कॅफेच्या मालकिणीने हकलबेरी या रानफळाच्या गोड पाईची सगळी ताटं बाहेर आणली आणि कचेरीच्या पायऱ्यांवर बसून लोकांनी ती पाई बोटांनी खाल्ली. डेल्फाशी सगळे हात मिळवत होते आणि हातांत काम नसल्यामुळे तिला काय बोलावं सुचत नव्हतं. ती नुसती हसत होती, मोठं, दात दाखवून. तिला तसं हसताना मी त्याआधी बघितलं नव्हतं. त्या वाईट आठवड्यात बंदुका परत नेणाऱ्या अकरांपैकी आठ जण त्या पुन्हा घेऊन आले. डेल्फाला ज्यांची काळजी होती ते दोघं त्यांत होते.

मे महिन्यात मेंढ्या विण्याचा मोसम संपला आणि एका सकाळी कॉर्लिस हॉगन क्लबच्या दारात उभी राहिली. उन्हाने रापलेली, बुटांवर सुकलेला चिखल, चार महिन्यांपूर्वीपेक्षा अंगाने भरलेली. एकशे सत्तावीस कोकरं जगली, असं तिने आल्या आल्या सांगितलं. मग खिशातून अर्धे बिल्ले काढले, तीन. मी त्या दिवशी नेमबाजीच्या स्पर्धेच्या पाट्या रंगवत तिथेच बसले होते.

डेल्फाने एक कुलूप उघडलं, वेक सरांनी दुसरं. सरांनी तिन्ही बिल्ल्यांचे अर्धे खिडकीच्या उजेडात धरून जुळवले. एकमेकांत बरोबर बसले. एकही प्रश्न विचारला गेला नाही. डेल्फाने तिन्ही बंदुका तिच्या हातात दिल्या. महिन्याला एकदा ती त्यांना तेल देत होती, हे वेक सरांखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं.

कॉर्लिसने आपली रायफल उचलून खांद्याला लावून बघितली. "हलकी लागतेय."

"रायफल तेवढीच आहे," डेल्फा म्हणाली.

कॉर्लिस हसली. मागच्या मैदानात थोडी मारून बघू का, असं तिने विचारलं, आणि विचारता विचारताच निघाली. आम्ही तिघं आत राहिलो. पहिला आवाज आला, दुसरा आला, टेकडीवरून घुमून परत आला. वेक सर दाराच्या चौकटीत उभं राहून डोळ्यांवर हात धरून बघत होते.

"चार गोळ्या मधल्या काळ्या वर्तुळात," ते म्हणाले. "पाचवी जरा उजवीकडे गेली."

"वारा आहे," डेल्फा म्हणाली आणि एप्रनला हात पुसत तिला ते सांगायला मैदानाकडे निघाली.